रविवारच्या तासाला जा, नोट्स घेऊ नका

आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून कोणी बोलायला नको. ज्या अभ्यासिकेबद्दल लिहितोय, तिच्या खालच्याच गाळ्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, कापसाची नोंदणी, परीक्षांचे अर्ज, सगळं इथं होतं. वर बसणाऱ्या पोट्ट्यांच्या नोट्सही माझ्याच मशीनमधून निघतात. तेव्हा नोट्स घेऊ नका असं मी म्हणतो, ते माझ्याच गल्ल्याच्या विरोधात जातं, हे ध्यानात ठेवून पुढं वाचा.

अभ्यासिकेचं नाव लिहीत नाही. तक्रारीही करायच्या आहेत आणि ती चालवणारे सर रोज जिन्यावर भेटतात. वर्धा-यवतमाळ रस्त्यावरच्या आमच्या तालुक्याच्या गावातली आहे, एवढं पुरे. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

रोजच्या अभ्यासिकेबद्दल फार लिहिण्यासारखं काही नाही. महिन्याला 600 रुपये, खुर्ची ठरलेली, इन्व्हर्टर आहे, वायफाय दुपारनंतर जीव सोडतं. वर टिनाचं छत. एप्रिल-मेमध्ये कूलर लावूनही घामाघूम व्हायला होतं, आणि कूलर लावला की पुढच्या दोन रांगा सोडून कोणाला काही ऐकू येत नाही. पाण्याची कॅन वेळेवर येते. झालं.

लिहायचंय ते रविवारच्या तासाबद्दल. सकाळी दहा ते साडेबारा. रोजच्या मुलांना फुकट, बाहेरच्याला 50 रुपये. बाहेरचा म्हणजे कोणीही. शेतकरी येतात, झेडपीचे मास्तर येतात, एक रिटायर तलाठी आणि एक रिटायर पोस्टमास्तर तर कधी चुकत नाहीत. मी शटर अर्धं ओढून वर जातो. यंदा पावसाळ्यापासून सरांनी एकच विषय लावून धरलाय. एखादा देश दुसऱ्या देशाशी कसा वागतो, त्यात त्या देशातल्या माणसांच्या धर्माच्या आणि वंशाच्या समजुती किती शिरतात? स्पर्धा परीक्षेत हा प्रश्न असा उघड क्वचितच येतो. मला वाटतं, तास रंगतो तो त्यामुळेच. कोणाला पेनाने लिहून घ्यायची घाई नसते.

सरांची एक पद्धत आहे. फळ्यावर तारखा लिहायच्या आणि गप्प उभं राहायचं. एका रविवारी वर ‘1919’ लिहिलं आणि खाली तीनच तारखा: 1 मार्च, 11 एप्रिल, 13 एप्रिल. शेवटची सगळ्यांनी ओळखली, जालियनवाला बाग. पहिल्या दोन कोणालाच येईनात.

11 एप्रिल म्हणजे पॅरिस. पहिलं महायुद्ध संपलं होतं, तहाची बोलणी चालली होती आणि राष्ट्रसंघाची घटना लिहिणाऱ्या समितीपुढं जपानची एक मागणी होती. राष्ट्राराष्ट्रांत समानता आणि त्यांच्या नागरिकांना न्याय्य वागणूक हे तत्त्व घटनेच्या सुरुवातीलाच लिहा. आधीच्या मसुद्यात वंशाचा उघड उल्लेख होता, तो विरोध होतो म्हणून त्यांनी स्वतःच काढून टाकला होता. इतकं मवाळ केल्यावर 17 पैकी 11 मतं बाजूने पडली. त्यात चीनचंही मत होतं, ज्याचा शांतुंग प्रांत त्याच परिषदेत जपान पदरात पाडून घेत होता. अध्यक्षस्थानी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन. ते म्हणाले, अशा बाबीला एकमत लागतं, आणि ते इथं नाही. मागणी फेटाळली गेली.

अडून बसले होते ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बिली ह्यूज. त्यांच्याकडे 1901 पासून कायदा होता, गोऱ्यांखेरीज कोणी येऊन वसू नये म्हणून केलेला. पण कायद्यात गोरा-काळा असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. बंदरावर उतरणाऱ्याला कोणत्याही युरोपीय भाषेतला 50 शब्दांचा उतारा सांगायचा आणि लिहून घ्यायचा. भाषा कोणती, ते अधिकारी ठरवणार. तुम्हाला इंग्रजी येत असेल तर ते दुसरी एखादी काढणार. यावर मागच्या रांगेतला एक मुलगा, ज्याची दोनदा पूर्वपरीक्षा गेलीय, मोठ्याने म्हणाला, ‘म्हणजे नापास करासाठीच पेपर काढला!’ वर्गात हशा पिकला. सर हसले नाहीत. म्हणाले, ‘हो, बरोबर तेच.’

ब्रिटनला ऑस्ट्रेलिया दुखवायचा नव्हता. विल्सनला स्वतःच्या देशातलं राजकारण सांभाळायचं होतं; कॅलिफोर्नियात जपानी मजुरांविरुद्ध आधीच आग लागलेली होती, आणि ते स्वतः दक्षिणेत वाढलेले, त्यांच्याच कारकिर्दीत वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या-गोऱ्यांची टेबलं वेगळी झाली होती.

इथवर ऐकून आमच्यातले निम्मे लोक जपानच्या बाजूने झाले होते. तेव्हा सरांनी खडू उचलून 1 मार्चवर टेकवला. कोरिया 1910 पासून जपानच्या ताब्यात होता. त्या दिवशी कोरियन लोक स्वातंत्र्य मागायला रस्त्यावर उतरले आणि जपानच्या पोलिसांनी, लष्कराने त्यांना गोळ्या घातल्या. एप्रिलमध्येही ते चालूच होतं. पॅरिसमध्ये समानता मागणारा आणि कोरियात बंदूक चालवणारा जपान एकच. मग खडू 13 एप्रिलवर. मतदानाला दोनच दिवस झाले होते. भारताच्या नावाने त्या परिषदेला बिकानेरचे महाराज गंगासिंह आणि लॉर्ड सिन्हा गेलेले होते, आणि इकडे अमृतसरला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सरांनी पुढं काही जोडून सांगितलं नाही. फळा पुसलाही नाही. तो सोमवारीही तसाच होता.

असा तास मी वर्ध्याच्या कॉलेजात बी.ए. करताना एकही ऐकला नव्हता.

कापसाचा तासही तसाच, आणि आमच्या भागातल्या माणसाला तो जास्त भिडणारा. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1861 ते 1865, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, हे आमच्याकडं पिढ्यानपिढ्या सांगतात. त्याची दुसरी बाजू मला ठाऊक नव्हती. दक्षिणेतल्या मळेवाल्यांनी सुरुवातीला आपला कापूस आपणहूनच अडवून धरला होता. हिशेब असा, की लँकेशायरच्या गिरण्या आमच्या कापसावर चालतात, माल थांबला की इंग्लंड झक मारत आमचं वेगळं राष्ट्र मान्य करेल. निव्वळ हिताचा हिशेब. गिरण्या खरोखर बंद पडल्या, मजुरांची उपासमार झाली. मान्यता मात्र मिळाली नाही. एक तर इजिप्तमधून आणि आपल्याकडून कापूस जाऊ लागला. अमेरिकेच्या उत्तर भागाशी युद्ध ओढवण्याची भीतीही होती. आणि 1 जानेवारी 1863 ला लिंकनने गुलाममुक्तीची घोषणा लागू केल्यावर गुलाम ठेवणाऱ्यांच्या पाठीशी उघड उभं राहणं इंग्रज मंत्र्यांना जड झालं. मँचेस्टरच्या मजुरांनी तर आदल्याच दिवशी सभा घेऊन लिंकनला पाठिंब्याचं पत्र लिहिलं. ज्यांची चूल त्या कापसावाचून विझली होती, ते हे मजूर. लिंकनने त्यांना उत्तरही पाठवलं.

सरांचा इथला मुद्दा असा होता, की धर्माची समजूत नेहमी वाईटाकडेच ढकलते असं धरून चालू नका. इंग्लंडातली गुलामगिरीविरोधी चळवळ मोठ्या प्रमाणावर क्वेकर आणि दुसऱ्या धर्मनिष्ठ ख्रिस्ती लोकांनीच उभी केली. मळेवालेही बायबलच दाखवत होते, ते वेगळं. त्याच इंग्रजांनी 1853 मध्ये कर्जापोटी निजामाकडून वऱ्हाड काढून घेतला होता आणि 1867 पर्यंत नागपूरला रेल्वे आणली होती. गुलामगिरीचा तिटकारा आणि वऱ्हाडच्या कापसावरचा डोळा, दोन्ही एकाच इंग्लंडात सुखाने नांदत होते.

त्या दिवशी आमच्याच गावचे एक काका उठले. सहा एकर पऱ्हाटी आहे त्यांची. म्हणाले, ‘मंग सर, 2025 मध्ये सरकारनं कापसावरचं आयात शुल्क काढलं, त्यात धर्म हाय का वंश?’ प्रश्न रास्त होता. 11 टक्के शुल्क ऑगस्टमध्ये काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलं, म्हणजे आमचा कापूस बाजारात यायच्या ऐन वेळी. सर म्हणाले, ‘काका, इथं धर्मही नाही, वंशही नाही. इथं गिरण्यांची मागणी आहे आणि अमेरिकेशी चाललेली ओढाताण आहे. प्रत्येक कुलपाला हीच किल्ली लावू नका.’ काका बसता बसता म्हणाले, ‘मंग आमचं कुलूप कोन उघडते?’ त्याचं उत्तर तासात मिळालं नाही. पण आपल्या विषयाची हद्द सांगणारा शिक्षक मला आवडतो. यूट्यूबवरच्या पंडितांना एकच सूत्र सापडलेलं असतं आणि ते सगळ्या जगाला लावत सुटतात.

सेवाग्रामचा तास चुकला असेल तर सरांना परत घ्यायला लावा. सेवाग्राम आमच्या इथून तासाभरावर, शाळेच्या सहलीत प्रत्येकाने पाहिलेलं, बापूकुटीसमोर फोटो काढलेला. पण तिथून जगाच्या राजकारणात काय काय पत्रं गेली, हे कोणी सांगत नाही. 1 जुलै 1942 चं गांधीजींचं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना लिहिलेलं पत्र सरांनी एका मुलीला मोठ्याने वाचायला लावलं. लुई फिशर नावाचा अमेरिकन पत्रकार महिनाभर आधीच आश्रमात आठवडाभर राहून गेला होता, त्याच्याच हाती ते पाठवलेलं. आम्ही स्वातंत्र्यासाठी आणि लोकशाहीसाठी लढतोय, असं मित्रराष्ट्रं म्हणतात. पण ब्रिटन हिंदुस्थानला आणि आफ्रिकेला लुटतंय आणि अमेरिकेच्या स्वतःच्या घरात काळ्यांचा प्रश्न तसाच आहे, तोवर हे बोलणं पोकळ वाटतं, असा त्याचा आशय. मुलगी वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, ‘सर, हे लिहिलं तेव्हा तिथं वीज तरी होती का?’ पोस्टमास्तर काकांना राहवलं नाही. त्यांनी सेगावचं सेवाग्राम 1940 मध्ये का झालं ते सांगितलं: गांधीजींची टपाल सारखी शेगावला, गजानन महाराजांच्या गावी जायची. पाच-दहा मिनिटं त्यात गेली, पण गेली तर गेली.

पत्रानंतर सरांनी पुढचा धागा लावला तो मला फार महत्त्वाचा वाटला. अमेरिकेत 1882 पासून चिनी मजुरांना बंदी होती. 1917 मध्ये जवळजवळ सगळ्या आशियाला बंदी झाली. 1923 मध्ये भगतसिंग थिंड नावाच्या पंजाबी माणसाला, जो अमेरिकेच्या फौजेत होता, तिथल्या सुप्रीम कोर्टाने नागरिकत्व नाकारलं, का तर सामान्य माणसाच्या समजुतीत तो गोरा नाही. मग युद्ध आलं, चीन मित्र झाला, आणि जपानचा रेडिओ आशियाभर सांगू लागला की बघा, अमेरिका तुम्हाला कसं लेखते. तेव्हा 1943 मध्ये चिन्यांवरची बंदी उठली. कोटा किती? वर्षाला 105 माणसं. भारतीयांना 1946 मध्ये, वर्षाला 100. आमच्या गावातून दरवर्षी नुसत्या पोलीस भरतीचे याहून जास्त अर्ज मी भरतो.

म्हणजे समजुतीने धोरण घडतं तसं धोरणाच्या गरजेने समजुतीलाही वाकावं लागतं. 1955 मध्ये भारताचे राजदूत गगनविहारी मेहता यांना ह्यूस्टनच्या विमानतळावर जेवायला गोऱ्यांच्या खोलीतून उठवून वेगळं बसवलं, आणि परराष्ट्रमंत्री डलेस यांना माफी मागावी लागली. 1961 मध्ये न्यूयॉर्क-वॉशिंग्टन रस्त्यावरच्या हॉटेलांतून नव्याने स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी देशांच्या मुत्सद्द्यांना हाकलत होते, त्यात चाडचे राजदूतही होते. केनेडींचं परराष्ट्र खातं त्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांच्या विनवण्या करत फिरत होतं. त्याआधी 1952 मध्येच अमेरिकन सरकारने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळांच्या खटल्यात कोर्टाला लिहून दिलं होतं, की या रंगभेदामुळे जगात आपली पत जाते. लढा काळ्या माणसांचाच, पण सरकारलाही बाहेर तोंड दाखवायची पंचाईत झाली होती.

पॅलेस्टाइनचा तास मात्र गाजला तो वेगळ्या कारणाने. आदल्या रात्रीपासूनच अभ्यासिकेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन तट पडले होते. सरांनी पहिलीच अट घातली, आजची बातमी कोणी काढायची नाही, आपण 1917 ते 1992 मध्येच राहायचं. ब्रिटनचा तेव्हाचा पंतप्रधान लॉइड जॉर्ज, ज्याला लहानपणी आपल्या देशाच्या इतिहासापेक्षा ज्यूंचा इतिहास जास्त शिकवला गेला, असं तो स्वतःच सांगायचा. पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंना राष्ट्रीय घर देऊ म्हणणाऱ्या 1917 च्या बाल्फोरच्या जाहीरनाम्याला विरोध करणारा मंत्री कोण, तर आपल्याला माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे माहीत असलेला भारतमंत्री माँटेग्यू, मंत्रिमंडळातला एकटा ज्यू. हे ऐकून दोन्ही तट जरा गोंधळले. 1938 मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये लिहिलेला लेख: इंग्लंड जसं इंग्रजांचं तसं पॅलेस्टाइन अरबांचं. 1947 मध्ये भारताचं पॅलेस्टाइनच्या फाळणीविरुद्ध मत. 14 मे 1948 ला, इस्रायलची घोषणा होऊन 11 मिनिटं होत नाहीत तोच अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ट्रुमनची मान्यता, तीही मार्शलसारख्या परराष्ट्रमंत्र्याचा सल्ला डावलून. त्यात बायबलवर पोसलेलं मन होतं, युरोपातल्या छळछावण्यांतून वाचलेल्यांची दैना होती आणि निवडणुकीचं वर्षही होतं. भारताने 1950 मध्ये मान्यता दिली पण पूर्ण संबंध जानेवारी 1992 मध्ये. मध्ये 1969 ची रबातची इस्लामी देशांची परिषद, जिथं बोलावलेल्या आपल्या शिष्टमंडळाला पाकिस्तानच्या हट्टापायी बाहेर ठेवलं. सरांनी हे भराभर घेतलं, जरा जास्तच भराभर. भांडण टळलं, पण मला मात्र खिलाफतीपासून तेलापर्यंत सगळं एका दमात ऐकून धाप लागली. याला दोन रविवार द्यायला हवे होते.

आता तक्रार. दक्षिण आफ्रिकेचा तास सरांनी छाती फुगवून घेतला, आणि छाती फुगवण्यासारखं आहेच. 1946 मध्ये, अजून स्वातंत्र्य मिळालं नव्हतं तेव्हा, भारताने त्या देशाशी व्यापार तोडला आणि तिथल्या भारतीयांच्या वागणुकीचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. विजयालक्ष्मी पंडितांनी तो दोन-तृतीयांश मतांनी जिंकला. 1974 मध्ये डेव्हिस कपची अंतिम फेरी भारताने खेळलीच नाही, कारण समोर वर्णभेदी दक्षिण आफ्रिका होती. कप हातचा सोडून दिला. टाळ्या पडल्या. तेव्हा देवळीकडची एक मुलगी उठली, एरवी तासभर तोंड न उघडणारी. म्हणाली, ‘सर, मग घानात गांधीजींचा पुतळा का काढला?’

सर अडखळले. म्हणाले, ते अभ्यासक्रमात नाही. तिने उभ्या उभ्याच मोबाइलवर वाचून दाखवलं. जून 2016 मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते घाना विद्यापीठात पुतळा बसवला आणि डिसेंबर 2018 मध्ये तो काढला. तिथल्या प्राध्यापकांनी गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतली सुरुवातीची लिखाणं पुढं ठेवली होती, ज्यांत भारतीयांना काळ्यांच्या वर ठेवलंय आणि काळ्यांसाठी शिवीसारखा शब्द वापरलाय. खोली एकदम गार पडली. सेवाग्रामच्या इतक्या जवळ हे ऐकणं सोपं नाही. एक मास्तर तर ‘फॉरवर्ड केलेलं काहीही वाचू नको बेटा’ म्हणाले, पण ती खाली बसली नाही.

पुढच्या रविवारी सरांनी ते घेतलं, याचं श्रेय त्यांना देतो. तिशीतला बॅरिस्टर गांधी आणि पुढचा गांधी यांतलं अंतर त्यांनी नीट दाखवलं. 1936 च्या अखेरीस वर्ध्याला गांधीजींना भेटायला आलेले बेंजामिन मेज सांगितले, जे पुढं मार्टिन ल्यूथर किंगचे गुरू झाले. पण पुतळा उखडणाऱ्यांना काय दुखलं, त्यावर पाचच मिनिटं. आणि 2017 मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांना जमावाने मारलं, तेव्हा दिल्लीतल्या आफ्रिकी राजदूतांनी एकत्र निवेदन काढून त्याला वांशिक हल्ला म्हटलं, हे चहाच्या सुट्टीआधी धावत्या गाडीत बसल्यासारखं उरकलं. जून 2022 मध्ये टीव्हीवरच्या एका राजकीय प्रवक्त्याच्या पैगंबरांबद्दलच्या वक्तव्यावरून कतार, कुवेत आणि इराणने एकाच दिवशी भारताच्या राजदूतांना बोलावून घेतलं, ते तर नुसतं नाव घेऊन सोडलं.

विल्सनच्या घरातल्या टेबलांपर्यंत जाणारे सर आपल्या घरापाशी आले की दारातूनच परततात. माझा भाचा नागपुरात इंजिनीअरिंगला होता, हॉस्टेलमध्ये शेजारच्या खोलीत टांझानियाचा मुलगा. बाकीचे पोट्टे त्याला ज्या नावाने हाका मारत, ते इथं लिहवत नाही. त्याला खोली मिळेना म्हणून तो हॉस्टेलातच चार वर्षं राहिला. तो आज परत जाऊन तिकडं कोणत्या खात्यात बसला असेल आणि भारताची फाइल समोर आली की त्याला काय आठवत असेल, हाही परराष्ट्र धोरणाचाच तास आहे. मी हे सरांना जिन्यावर बोलून दाखवलं. ते म्हणाले, ‘भाऊ, पालक येतात तासाला.’ मी समजलो. त्यांनाही दुकान चालवायचं आहे.

आता नोट्स. स्पायरल बाइंडिंग, 120 रुपये, त्यातले माझे 70. वर्गात जे जिवंत असतं ते नोट्समध्ये इतकं निर्जीव होतं, की पानं मोजताना मलाच वाईट वाटतं. उदाहरण 1971 च्या बांगलादेश युद्धाचं. वर्गात सरांनी सांगितलं ते असं: अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर यांना चीनपर्यंत पोचायला पाकिस्तानची गरज होती, हे खरं. पण जुलैमध्ये किसिंजर गुपचूप पेकिंगला (आताचं बीजिंग) जाऊन आला, ते काम झालं. तरी डिसेंबरात अमेरिकेचं एंटरप्राइज हे लढाऊ जहाज बंगालच्या उपसागराकडे निघालंच. चीनला आपली मैत्री पक्की दाखवायची होती, रशियाला अडवायचं होतं, ही कारणं आहेतच. शिवाय व्हाइट हाउसच्या टेप आता उघड झाल्यात, त्यांत भारतीयांबद्दल, विशेषतः भारतीय बायकांबद्दल निक्सनची भाषा ऐका. आणि मग सर म्हणाले ते वाक्य मी माझ्या बिलबुकाच्या मागं लिहून ठेवलंय: ‘हित कशात आहे हे ठरवणारा शेवटी माणूसच असतो, आणि तो घरून काहीतरी शिकून आलेला असतो.’ डलेसचंही तसंच. पाद्र्याचा मुलगा, जगाकडं पुण्य आणि पाप म्हणून पाहणारा. 1956 मध्ये तटस्थता अनैतिक म्हणाला तेव्हा नेहरूंचा भारत त्याला कसा दिसत असेल ते सांगायला वेगळा पुरावा लागत नाही.

नोट्समध्ये 1971 च्या पानावर काय आहे? राष्ट्रहित, भूराजकारण, शीतयुद्ध. तीन मुद्दे, राष्ट्रहिताखाली दोनदा रेघ. टेपचं नाव नाही. 1919 ला तर अर्धी ओळ. मी विचारलं तर सर म्हणाले, ‘150 शब्दांत एवढंच बसतं. तपासणाऱ्याला निक्सनच्या शिव्या नको असतात.’ त्यांच्या जागी त्यांचं बरोबर असेल. पण मग 120 रुपये देऊन जे कुठल्याही गाइडमध्ये आहे ते कशाला घ्यायचं? वहीच्या मागच्या पानावर स्वतःच्या हाताने जे लिहून घ्याल, ते तेवढं घरी न्या. त्याची झेरॉक्स काढायची असेल तर दोन रुपये पान, दोन्ही बाजू तीन रुपये.

एकंदर पाचात चार देतो. एक कापला तो चहाच्या सुट्टीआधी उरकलेल्या त्या रविवारचा.

जाणाऱ्यांसाठी: जिना अरुंद आहे आणि कठडा एकाच बाजूला, म्हाताऱ्या माणसाने हात धरून चढावं. मुलींसाठीचं बाथरूम खाली माझ्या दुकानामागं आहे, किल्ली माझ्याकडं असते, रविवारी मी ती वर फळ्याजवळ टांगून ठेवतो. सुट्टीत खालच्या ठेल्यावर तर्री-पोहे मिळतात, तर्री तिखट असते, लहान लेकरांना साधे मागा. दिवाळीनंतर सर जपान, श्रीलंका आणि बौद्ध धर्माची मुत्सद्देगिरी घेणार आहेत. जपानी बौद्ध भिक्षू फुजी गुरुजी 1933 मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले तिथून सुरुवात आहे म्हणे, आणि नागपूर-कामठीपर्यंत येणार आहेत. त्या दिवशी गर्दी होईल, साडेनऊलाच जागा धरा. वर रेंज धड नसते, फोनपे चालत नाही. पन्नासची नोट सुटी आणा.